राहूचा गूळ, शिरूरची रेवडी

पुतळाबाई माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची.

लग्न होऊन मी राहू गावाला आले त्या आठवड्यातली गोष्ट. पाहुणे पांगले होते, मांडव उतरला होता आणि मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. माहेर इनामगाव, घोडनदीच्या काठचं. नदीची, आईची, सगळ्यांची आठवण येत होती. आक्का आत आली. कणगीमागून तिनं पत्र्याचा एक डबा काढला आणि माझ्या तळहातावर एक रेवडी ठेवली.

"खा. शिरूरची हाय."

मी तोंडात टाकली. आधी भाजका तीळ लागला, मग गूळ विरघळला, आणि गूळ संपता संपता जिभेच्या कडेला काहीतरी खारट लागलं. अगदी किंचित. मला वाटलं, दुपारपासून रडतेय, तेच तोंडात उतरलं असेल. मी पदरानं ओठ पुसले.

"खारट लागली ना?" आक्का म्हणाली. "रडन्याचं न्हाई ते. रेवडीच तशी हाय. आता दुसरी खा."

दुसरी खाल्ली आणि तिसरी मी मागून घेतली. तेव्हापासून आमचं जमलं. तिचं माहेर शिरूर, माझं इनामगाव. भीमेच्या उतारातून पलीकडं गेलं की न्हावऱ्यापर्यंत दोघींचा रस्ता एकच. घरात सासूबाई सारजाबाई, मामंजी हौसराव, आक्काचे मालक मुगुटराव, माझे मालक आणि आक्काची लहानगी सिंधू. आक्काला बोलायला माणूस हवं होतं आणि मला ऐकायला. उसाचं बेणं तोडायला आम्ही दोघी बसलो की ती शिरूरचं सांगायची. त्यातलं अर्ध्याहून जास्त त्या रेवडीचंच असायचं.

आक्काचे वडील आनंदराव शिरूरच्या बाजारात मापाडी होते. धान्य, गूळ, मिरची, जे काही तराजूला लागेल ते त्यांच्या हातून जायचं. त्यांच्या घराच्या पाठीमागच्या बोळात इमाममामांचं घर. इमाममामा रेवडी करायचे आणि त्यांची बायको लालबी तीळ भाजायची, निवडायची. बाजाराच्या दिवशी मामा पाटी घेऊन पिंपळाखाली बसायचे. एरवी घरूनच विकायचे.

रेवडी करताना बघायला बोळातली सगळी पोरं दारात जमायची. मामा गुळाचा पाक तेल लावलेल्या परातीत ओतायचे. जरा निवला की त्याचा गोळा उचलून भिंतीतल्या जाड खुंटीला अडकवायचे आणि ओढायचे. ओढायचा, दुमडायचा, पुन्हा खुंटीला टाकायचा, पुन्हा ओढायचा. काळपट तांबडा गूळ ओढता ओढता उजळत जायचा आणि शेवटी सोन्याच्या तारेसारखा चमकायचा. मग त्याचे तुकडे कापायचे, तिळात घोळवायचे. कापताना वाकडेतिकडे पडलेले तुकडे पोरांचे. पोरं ते गालात धरून ठेवायची, चावायची नाहीत. शेवटचा तो खारट स्वाद यायला वेळ लागतो, आणि तो आल्याशिवाय रेवडी खाल्ल्यासारखं वाटत नाही.

शिरूरात सगळ्यांना वाटायचं, मामा पाकात काहीतरी टाकतात. कुणी म्हणायचं सैंधव टाकतात, कुणी म्हणायचं लिंबाचं सत टाकतात. मामांना विचारलं तर ते नुसते हसायचे. लालबी म्हणायची, "आमच्या हाताला घाम लई येतो, त्याचा खारटपणा." पोरं तोंड वाकडं करायची आणि तरी खायची.

आक्का आठ-नऊ वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज कडू, दूध कडू, साखर घातलेला चहासुद्धा कडू. हाडांचा सापळा झाला होता. एक दिवस लालबी ओढणीच्या टोकाला बांधून रेवडी घेऊन आली. आईनं नको म्हटलं, पचायची नाही म्हणाली. लालबीनं ऐकलं नाही. तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, रेवडी तिच्या गालात ठेवली आणि म्हणाली, "गिळू नको. नुसती धर." पोरगी धरून पडली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "खारट लागतंय." इतक्या दिवसांत कडूशिवाय लागलेली ती पहिली चव. संध्याकाळी तिनं भाकरीचा पापुद्रा मागितला.

हे सांगताना आक्काचा कोयता थांबायचा. "मामी रडली त्या दिवशी," म्हणायची. "मला वाटलं मीच कायतरी चुकीचं बोलले."

आक्काचं लग्नही इमाममामांनीच जुळवलं. आमचे मामंजी, हौसराव, दर साली उन्हाळ्याच्या तोंडाला गुळाची एक बैलगाडी घेऊन शिरूरला जायचे. तो गूळ पुण्याच्या अडतीवर कुणी घेत नसे. रंगानं काळपट, पावसाळी हवेत पाघळणारा आणि चवीला खारट. इमाममामा मात्र गाडी उतरून घ्यायचे. वजन आनंदराव करायचे. असं करत ओळख झाली. मुगुटरावांसाठी मुलगी बघतायत हे कळल्यावर मामा आनंदरावांना म्हणाले, "जमीन खारी हाय त्यांची. मानूस खारा न्हाई. पोरगा राबनारा हाय. पोरगी द्या, मी मधी हाय."

आता हे ऐकून कुणीही म्हणेल, मग आक्काला रेवडीचं गुपित तेव्हाच कळायला हवं होतं. पण तसं झालं नाही. शिरूरची रेवडी म्हणजे लाड होता. राहूचा गूळ म्हणजे घरातली नामुष्की होती. लाड आणि नामुष्की एकाच ढेपेतून निघत असतील असं सासुरवाशिणीच्या मनात कुठून यावं. शिवाय काहिलीतून काढलेला तो गूळ नुसता खाल्ला तर घशाशी चरचरायचा. त्याची आणि तिळातल्या त्या नाजूक चवीची ओळख लागत नव्हती. सगळ्या शिरूरसारखं तिलाही वाटायचं, मामा काहीतरी टाकतात.

आमची ओढ्याकडची पट्टी खोलगट. बागायत तेवढंच. विहिरीचं पाणी मचूळ, आणि दिलेलं पाणी रानातच मुरून बसायचं. उन्हाळ्यात सकाळी गेलं तर सरीवरंब्यावर पांढरा थर दिसायचा, जणू कुणी पीठ सांडून गेलंय. त्या रानातला ऊस आखूड, आणि त्याचा गूळ हा असा. आमच्याकडं पुरणपोळीचं जेवण असलं तर पाहुणे येताना आपला गूळ घेऊन यायचे. गमतीनंच, पण आणायचे. सोसायटीच्या निवडणुकीत मामंजी उभे राहिले तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं, खाऱ्या ढेपेला मत कोण देणार. मामंजींनी ते ऐकलं. तेव्हापासून ते चहात गूळ घालू देत नव्हते. बिनगुळाचा चहा प्यायचे आणि विचारलं तर म्हणायचे, डॉक्टरांनी बंद केलाय. डॉक्टरांचा काही संबंध नव्हता. सासूबाईंनी हे मला नंतर सांगितलं.

आक्कानं एक गोष्ट हेरली होती. त्या रानाची ओढ्याकडची कड एका पावसात ढासळली होती. तिथून पाणी वाहून जायचं, आणि तेवढ्याच जागेत हिरवं गवत यायचं, पांढरं फुटायचं नाही. तिनं मुगुटरावांना दाखवलं. म्हणाली, रानातून ओढ्यापर्यंत खोल चर काढला, तर पाणी खार घेऊन जाईल. मुगुटरावांनी मामंजींना सांगितलं.

"माझ्या बानं ही जमीन कसली, मी कसली," मामंजी म्हणाले. "जमिनीचा गुन जात नसतो."

 पण त्या उन्हाळ्यात सकाळची भाकरी झाली की आक्का आणि मुगुटराव टिकाव-फावडं घेऊन रानात जायला लागले. मामंजी बांधावरच्या लिंबाखाली बसून बघायचे. बरेच दिवस नुसतं बघितलं. मग एका सकाळी ते स्वतःचा टिकाव घेऊन आले आणि चरात उतरले.

मी लग्न होऊन आले तेव्हा चर निम्मा झाला होता. उरलेल्या निम्म्यात मीही होते. टाचांना भेगा पडायच्या आणि त्यांत खार असा चरचरायचा की डोळ्यांत पाणी यायचं. आक्का संध्याकाळी गोडेतेल कोमट करायची, आधी माझ्या टाचांना लावायची, मग स्वतःच्या. चर पुरा झाल्यावर पावसाळ्यात रानात पाणी तुंबवून ठेवलं आणि मग चरातून सोडून दिलं. ताग पेरला, गुडघ्याएवढा झाल्यावर नांगरून गाडला. धनगरांच्या मेंढ्या बसवल्या. पहिल्या वर्षी ऊस बेताचाच आला. पुढच्या वर्षी मात्र रानात माणूस गेलं तर दिसायचं नाही.

त्या साली गुऱ्हाळ लागलं. चरकाला बैल फिरत होते, काहिलीखाली जाळ होता, गुळव्या फावड्यानं रस घोटत होता. पहिली काहील उतरली आणि गूळ निववायच्या वाफ्यात ओतला तेव्हाच रंग दिसला, पिवळाधमक. निवल्यावर मामंजींनी ढेपेचा कोपरा फोडला आणि तोंडात टाकला.  गावातली चारदोन मोठी माणसं रस प्यायला आलेली होती. त्यांच्यासमोर मामंजींनी हाक मारली, "थोरल्या सूनबाई कुठायत?" आक्का चिपाडं गोळा करत होती, तशीच पदर सावरत आली. मामंजींनी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

"खावा. गोड हाय," ते म्हणाले.

त्या साली आमचा गूळ पुण्याच्या अडतीवर बोलीला लागला. मामंजी गूळ घातलेला चहा प्यायला लागले. पण एक गाडी शिरूरला इमाममामांकडं पाठवायचीच, हे त्यांनी मोडलं नाही. वाईट दिवसांत ज्यानं माल घेतला त्याला चांगल्या दिवसांत डावलायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

या सगळ्या खटाटोपात आक्काचं माहेर राहून गेलं. एका भाऊबीजेला सिंधूला गोवर निघाला, एकदा सासूबाई पडल्या. साठ सालानंतर कधीतरी, दिवाळीत, आम्हा दोघींना एकाच गाडीत माहेरी जायला मिळालं. आधी शिरूर, मग तिथून माझा भाऊ मला इनामगावला नेणार होता. वाटेत आक्का पोरीसारखी बोलत होती. शिरूरात शिरलो आणि आक्काच्या भावाच्या घरी पाय टेकवते न टेकवते तोच ती मला घेऊन मागच्या बोळात गेली.

इमाममामा थकले होते. पाठीला पोक आला होता. पण खुंटीला गोळा अडकवलेला होता आणि ओढणं चाललं होतं. आक्काला बघून त्यांनी गोळा खुंटीवरच ठेवला आणि हात पुसत पुढं आले. लालबीनं आक्काच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. मग मामांनी परातीतली ताजी रेवडी दोघींच्या हातावर ठेवली.

मी आक्काकडं बघत होते. तिनं रेवडी गालात धरली. लहानपणी धरायची तशीच, न चावता. जरा वेळानं तिचा चेहरा उतरला.  तिनं दुसरी घेतली. तीही संपली. मीसुद्धा खाल्ली होती. रेवडी चांगली होती. कुरकुरीत, गोड. शेवटपर्यंत नुसती गोड.

"मामा," ती हलकेच म्हणाली, "काय टाकायचं सोडलं का तुमी?"

लालबीनं मामांकडं बघितलं. मामा परात पुसायला लागले.

"न्हाई बा. तीळ नवा हाय या साली. त्यानं वाटत असंल."

"तीळ न्हाई, मामा."

"मग वय झालं माझं," ते म्हणाले आणि विषय बदलून मुगुटरावांची, सिंधूची चौकशी करायला लागले.

आम्ही घरी आलो. जेवायला भावजयीनं करंज्या वाढल्या, आक्कानं एक मोडून तशीच ठेवली. अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "येवढी मोठी झाले, एका रेवडीपायी वाईट वाटून घ्यावं का मानसानं? पन वाटतंय. आपलं घर म्हनून यावं आन् कुलूप दिसावं तसं वाटतंय." मग थोड्या वेळानं, "मामा माझ्याशी खोटं बोलले गं. ते जास्त लागलं."

दुसऱ्या दिवशी मामा पाटी घेऊन पिंपळाखाली गेले होते. लालबीनं बोळातूनच हाक मारून आम्हांला बोलावलं, आत बसवलं. तिची नजर कमी झाली होती, तीळ बोटांनी चाचपून निवडत होती.

"रातभर झोपले न्हाईत ते," ती म्हणाली. "तू विचारलंस ना. सांगू नको म्हनालेत, पन मी सांगते. आमी कधी कायच टाकत नव्हतो, बेटी. तुज्या सासऱ्याचा गूळच खारा होता. चांगला गूळ थोडा मिसळायचा आन् वढायचा, बस. त्यातनंच ती चव यायची."

आक्का तिच्या सुपाशी सरकली.

"गूळ गोड यायला लागला तवा गिऱ्हाइकं कुरकुरली. यांनी मीठ टाकून बघितलं. लोकांनी थू थू केलं. सैंधव टाकून बघितला, तेबी न्हाई. मिठाची चव वर वर राहती, गुळाच्या पोटात उतरत न्हाई. मग सोडून दिलं. मी म्हनलं, हौसरावांना कळवू, दुसरीकडचा खारा गूळ बघू. हे म्हनाले, न्हाई. पोरीनं टाचा फोडून घेतल्या, रान धुतलं. तिला काय सांगू, तुज्या रानाला गुन आला आन् माझी रेवडी गेली? तिच्या कानावर जाता कामा न्हाई."

आक्का आधी हसली. मीच धुतली की ओ मामी, म्हणाली, माझी रेवडी मीच धुतली. आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. लालबीनं तिळाचं सूप बाजूला सारलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बराच वेळ ती तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

निघताना आक्का पिंपळाखाली थांबली. मामांच्या समोर बसली, पाटीतली एक रेवडी उचलून खाल्ली.

"मामींनी सांगितलं," ती म्हणाली.

"तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई," मामा म्हणाले. मग म्हणाले, "पुतळा, तुज्या सासऱ्याचा माल पुन्याच्या अडतीवर उतरला हे गाडीवानानं सांगितलं, त्या दिवशी मी रेवडी फुकट वाटली. खरं सांगतो. वाईट वाटून घिऊ नको."

राहूला परतल्यावर हे घरात सांगायचं की नाही, ते आक्काला ठरवता येईना. मामंजींसमोर खाऱ्या गुळाचा विषय कुणी काढत नसे. पण सासूबाईंच्या कानावर तिनं घातलं, हसण्यावारी नेत. सासूबाईंनी ते संध्याकाळी ओसरीवर मामंजींना सांगितलं. आम्ही दोघी आत स्वयंपाकघरात होतो. सगळं ऐकू येत होतं.

मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "थोरलीला बाहेर बोलवा."

आक्का उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. पदर सारखा करत होती.

"इमामभाय माझा गूळ कीव म्हनून घेत होता, असं मला वाटायचं," मामंजी म्हणाले. "लोकांचा माल संपला की माझा उतरायचा. दर साली मान खाली घालून जात होतो मी शिरूरला. तुमी म्हनताय, ती चव माझ्या गुळाची होती?"

"व्हय, मामंजी."

"आन् पोरं ती खायची?"

"गालात धरून ठेवायची. लवकर संपू नये म्हनून."

"थुकत नव्हती?"

"न्हाई, मामंजी. मागून घ्यायची. मी तापातनं उठले ती त्याच रेवडीवर."

मामंजींनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांना मी तसं बोडक्या डोक्यानं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ते ओसरीखाली अंगणाकडं बघत होते. "आयुष्य गेलं," ते म्हणाले, "कुनी सांगितलं न्हाई मला." त्यात राग नव्हता. सासूबाई त्यांच्याजवळ सरकून बसल्या.

रानाच्या अगदी टोकाला, बाभळीखाली, चराचं पाणी पोचत नव्हतं असा एक कोपरा अजून पांढरा राहिला होता. मुगुटराव त्या साली तिथपर्यंत चर नेणार होते. मामंजींनी थांबवलं. लागणीच्या वेळी त्यांनी त्या कोपऱ्यात स्वतः बेणं दाबलं. मुगुटराव म्हणाले, आबा, तिथं काय उगवायचं? मामंजी म्हणाले, उगवंल तेवढं उगवंल.

ऊस आला तो कमरेएवढा. पुढल्या साली गुऱ्हाळ संपताना त्याचा वेगळा रस काढला, अर्धी काहीलसुद्धा भरली नाही. गुळव्यानं नाक मुरडलं. मामंजींनी ती काळपट ढेप फडक्यात बांधली आणि गाडी जुंपायला सांगितली. गाडीत मामंजी, सासूबाई, आक्का, सिंधू आणि मी. मला वाटतं, सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच शिरूरला जात होत्या.

इमाममामांनी ढेपेला हात लावला, बोटाला लागलेलं चाटलं आणि लालबीला म्हणाले, "परात घे." त्यात किती चांगला गूळ मिसळायचा ते त्यांनी दोनदा बदललं. गोळा खुंटीला अडकवला, पण त्यांच्यानं पुरतं ओढवेना. मामंजी उठले. पटका बाजूला ठेवला, हाताला तेल लावलं आणि ओढायला लागले. मामा सांगत होते, घाई नका करू, दुमडा, आता टाका वर. दोघं म्हातारे त्या खुंटीपाशी घामाघूम झाले. बोळातली पोरं दारात येऊन उभी राहिली होती.

पहिली रेवडी लालबीनं आक्काला दिली. तिनं गालात धरली आणि डोळे मिटले. सगळे तिच्याकडं बघत होते.

"जरा जास्त खारी हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन तीच हाय."

मामंजींनी उभ्या आयुष्यात ती रेवडी खाल्ली नव्हती. दर साली गाडी उतरवून तसेच माघारी फिरायचे. लालबीनं त्यांच्यापुढं परात धरली. त्यांनी एक उचलली आणि चावून खाल्ली. सिंधू म्हणाली, "आजोबा, चावायची न्हाई. धरून ठेवायची." मामंजींनी दुसरी घेतली, गालात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. गाल फुगलेला, मिशीला तीळ लागलेला. मग त्यांनी हळूच मान डोलावली. इमाममामांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. 

सिंधूला ती रेवडी आवडली नाही. तिनं अर्धी खाऊन आक्काच्या हातात दिली आणि साधी मागितली. आक्कानं तिला साधी दिली.

त्यानंतर दर साली त्या कोपऱ्यातली एक ढेप शिरूरला जायची. मामा तिची थोडीच रेवडी करायचे, जुन्या गिऱ्हाइकांपुरती. रोजच्या विक्रीला साधीच चालायची, आणि नव्या पोरांना तीच हवी असायची. मामंजी गेले. दोन वर्षांनी इमाममामाही गेले. लालबीला तिच्या भाच्यानं सणसवाडीकडं नेलं. जाताना आक्का तिला भेटायला गेली होती. काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात आक्कानं स्वतःच मुगुटरावांना सांगितलं, चर बाभळीपर्यंत न्या. दोघं टिकाव घेऊन गेले. दुपारी मी भाकरी घेऊन गेले तेव्हा ती चरात उभी होती, घामानं भिजलेली. "बस जरा सावलीत," म्हणाली. "येवढी कड काढते आन् येते."

पुढल्या हंगामात तिथं कांदा लावला. बरा आला.